शेकल्यावर दार लावायचं

दिवाळी अंकात निवृत्त माणसं आपापल्या नोकरीचं लिहितात. मास्तर लिहितात, फौजदार लिहितात, एकदा एका पोस्टमनचंही वाचलं होतं. अंग चोळणाऱ्या बाईचं मात्र कुठं दिसलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. कागदापुढं तसं होत नाही. म्हणून घरात कुणी नसलं की बसते लिहायला. नावं बदलली आहेत, माझं तेवढं खरं ठेवलं आहे. मला तुळसा म्हणतात.

मी मूळची निपाणीची. तिथं माझी मावशी तंबाखूच्या वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांची अंगं चोळायची. दिवसभर वाकून बसलेल्या बायका त्या. कुणाची मान धरलेली, कुणाची कंबर. मावशीच्या हाताखाली मी शिकले आणि लग्न होऊन बेळगावला खासबागेत आले. नवरा हमाली करायचा. तो लवकर गेला. मग मावशीनं शिकवलेलंच कामाला आलं. एकोणीसशे सत्तरच्या पुढची वीसेक वर्षं मी खासबाग, शहापूर, पार कंग्राळीपर्यंत चालत जाऊन हे काम केलं.

लोकांना वाटतं, चोळणं म्हणजे जोर लावणं. जोर पैलवानाला लागतो. दुखऱ्या अंगावर आधी हात नुसता ठेवायचा. तो हात आपला आहे असं अंगाला पटलं की मग हलवायचा. तेल निर्गुडीचा पाला घालून कढवलेलं, कोमट. त्यानंतर वाळूचा शेक. वाळू कढईत भाजायची, फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग बाईच्या सांध्यावर. शेक झाला की बाईला पांघरूण घालून, दार-खिडकी लावून पडू द्यायचं. घामेजल्या अंगाला वारं लागलं तर सांधे पुन्हा धरतात, असं मावशी सांगायची. या नियमात तिनं कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. शेकल्यानंतर थोडा वेळ अंग सैल असतं. एरवी वेणी घालायला हात वर न जाणारी बाई त्या वेळात स्वतःचा अंबाडा बांधते. ते बघायला मला फार आवडायचं.

आणखी एक गोष्ट या कामात कळली. पालथी पडलेली बाई बोलते. तोंड भिंतीकडं असतं, समोर कुणी नसतं, पाठीवर गरम हात असतो. सासूचं, जावेचं, मेलेल्या लेकराचं, सगळं बोलून होतं. आणि शेवटी, आवाज अगदी खाली आणून, नवऱ्याचं.

पहिल्यांदा मला ते ऐकवायचं नाही. कान तापायचे. कंग्राळीच्या पारूबाईंनी माझी ती भीड थोडी मोडली.

पारूबाईंचे मालक पलटणीत हवालदार होते. लढाईत त्यांचा एक पाय गुडघ्याच्या वर गेला आणि ते घरी आले. मी जायची ती पारूबाईंची कंबर चोळायला. एकदा मी आपली म्हणाले, "मालकांना उचलून-बिचलून घेऊ नका. कंबर त्यानंच धरत असंल."

पारूबाई उशीत तोंड खुपसून हसायला लागल्या. "अगं, कंबर शेतात भांगलून धरलीया. त्येनला उचलाय काय लागत न्हाय. त्येनीच मला म्हणत्यात, आता हुकूम तू सोडायचा, शिपाई पडून ऱ्हानार."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तेलाची वाटी लवंडली.

सोप्यातून हवालदारांचा आवाज आला, "काय सांगतीस गं तिला?"

"तुमचंच!"

"सांग, सांग. लपवून काय करायचंय?"

मग पारूबाईंनी मला सगळं नीट सांगितलं. वाकळेची गुंडाळी करून उरलेल्या मांडीखाली द्यायची. पाठीमागं लोड लावायचा, म्हणजे तोल जात नाही. कुशीवरचं बरं पडतं. दुखलं की दुखलं म्हणायचं, दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. आणि पुढं म्हणाल्या, "पयल्यांदा दोघंबी रडलो बघ. त्येनी म्हनाले, मी आता मानूस ऱ्हायलो न्हाय. मग एकदा ते लोडावरनं घसरून भुईवर पडले अन् मला हसू फुटलं. त्येनीबी हसाय लागले. हसाय लागलो तवा जमलं."

मी त्या दिवशी कंग्राळीहून परत येताना वाटभर त्या दोघांचाच विचार करत आले. लाज वाटत होतीच, पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी बघितल्यासारखं वाटत होतं.

आता शहापूरचं सांगते. लिहायला बसले ती त्यासाठीच.

मारुती विणकर. घरात शिरलं की सोप्यातच खड्डामाग. माणूस कडेला बसून पाय खड्ड्यात सोडतो, पायानं पावडी दाबतो, हातानं धोटा फेकतो. त्या गल्लीत घरोघरी माग, त्यामुळं दिवसभर सगळीकडं खटखट. तिथल्या लोकांना त्या आवाजाची इतकी सवय की आवाज ऐकू येत नसे, थांबला की मात्र ऐकू यायचा. कुणाचा माग थांबला की शेजारीण विचारणारच, "का गं, काय झालं?"

मारुतीची बायको इंदू. तिशीच्या आतबाहेर. तिला आमवात. मुलगी झाली त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत बोटांच्या पेरांना गाठी आल्या, मग गुडघे, मग खुबे. भुईवरून उठताना तिला दोन्ही बाजूंनी धरावं लागे. मुलगी आता शाळेत जात होती. घरात चौथी मारुतीची आई. तिला सगळी गल्ली आव्वा म्हणायची. आव्वा वाईट नव्हती. पण घरात काम करणारे हात कमी पडत होते, वंशाला मुलगा नव्हता, आणि तिचा संकेश्वरचा भाऊ येऊन जाऊन तिच्या कानाशी लागलेला होता. इंदूला कायमची माहेरी धाडायची आणि मारुतीला दुसरी करायची. मुलगीसुद्धा बघून ठेवली होती. इंदूला हे सगळं ठाऊक होतं.

एके दिवशी पालथी पडल्या-पडल्या ती म्हणाली, "तुळसाक्का, मानसाला किळस येत असंल न्हाय गं अशा हातांची?"

"कुणाला किळस आली?"

बाहेर माग चालू होता. "त्येनी मागापाशी निजत्यात. कैक वर्सं झाली. रागवत न्हाईत, मारत न्हाईत. पानी तापवून देत्यात, मला उठवून बसवत्यात. पन शिवायचं म्हनून शिवत न्हाईत. दुसरी आनली तर मी काय म्हनू? कोनच्या तोंडानं म्हनू?"

"तू विचारलंस?"

"एकदा. म्हनाले, वैद्यानं पथ्य सांगितलंय."

पथ्य मला माहीत होतं. इंदूचं माहेरही निपाणीचंच, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या वैद्यबुवांनी आजाराच्या सुरुवातीला तिला काढा दिला होता. आंबट नको, वांगं नको, आणि नवऱ्यापासून लांब. मला तेवढ्यात आठवलं, मागच्याच आठवड्यात या घरी वांग्याची भाजी शिजत होती.

महिन्याभरात मावशीला बघायला मी निपाणीला गेले, तशी वैद्यबुवांच्या ओट्यावरही गेले. पुरुषापुढं, त्यातून म्हाताऱ्या माणसापुढं हे कसं काढायचं? मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले.

"बुवा, त्या शहापूरच्या इंदूचं पथ्य अजून चालू हाय का?"

"काढा घेती का अजून?"

"न्हाय. कवाच संपला."

"मग कसलं पथ्य? खाऊ दे की सगळं."

"वांगं खाती ती."

"मग?"

मी भुईकडं बघत राहिले. बुवांनी चष्मा काढला. "अरं देवा," ते म्हणाले. "ते काढ्यापुरतं होतं, पोरी. अजून पाळत्यात?"

मी मान डोलावली. त्यांनी चष्मा धोतराला पुसला. मग म्हणाले, "वांगं खाऊ का म्हनून मानूस विचारतंय. हे कोन विचारनार! सांग तिला, ताप असंल, सांधा लाल होऊन सुजला असंल तेवढं त्या दिवशी जपा म्हनावं. बाकी संसाराला आडकाठी न्हाय. उलट बरं वाटंल तिला."

बेळगावला आले आणि ही गोष्ट मी इंदूच्या पाठीला सांगितली. तिच्या तोंडाकडं बघून मला सांगता आलं नसतं. पाठ आधी ताठ झाली, मग हलायला लागली. रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

"तूच सांग त्येनला," ती म्हणाली.

"माझं धाडस न्हाय बाई."

मी परसात वाळू भाजायला गेले. आव्वा तिथंच चुलीपाशी होती. तेवढ्यात सोप्यातला माग थांबला.

आव्वानं ओरडून विचारलं, "का रं मारुती, तार तुटली?"

जरा उशिरानं मारुतीचा आवाज आला. "व्हय. तुटलीया."

पुरचुंडी घेऊन आत गेले तर इंदू भिंतीला धरून मागापाशी उभी होती. एवढं अंतर ती कुणाच्या आधाराशिवाय चालली होती. मारुती खड्ड्यात पाय सोडून तसाच बसलेला. एकही तार तुटलेली नव्हती. त्यानं तिची वाकडी बोटं दोन्ही हातांत धरली होती आणि तो त्यांच्याकडंच बघत होता. मी उलट्या पावली परसात गेले. वाळू पुन्हा भाजली.

पण मनं जुळली म्हणून अंग ऐकतं असं नाही. भुईवर निजायचं म्हणजे इंदूला आधी खाली बसवायचं, तेवढ्यातच खुबा कळवळायचा. उंचवटा पाहिजे होता. आणि त्या घरात खाट कशी येणार? सासू भुईवर वाकळेत, सून खाटेवर, हे कुणी ऐकून घेतलं नसतं. मी रात्रंदिवस विचार केला आणि मला बाळंतिणीची बाज आठवली. बाजेखाली शेगडी ठेवून शेकतात, ती. बाजेवर सून निजली तर सासूचा मान जात नाही.

आव्वाला मी म्हणाले, "खुब्याला खालनं शेक द्यायला पाहिजे. बाज लागंल."

"बाळंतीन न्हाय अन् बाज?" आव्वा म्हणाली. पण शेकाचं म्हटल्यावर नाही म्हणाली नाही.

मारुतीनं सुताराकडून चौकट आणली. विणायला सुंभ आणलं नाही. सुंभ तिच्या अंगाला रुतलं असतं. उरल्यासुरल्या सुताची रुंद पट्टी त्यानं स्वतःच्या मागावर विणली, आणि तीही एका रंगाची नाही, साड्यांच्या काठांचे राहिलेले सगळे रंग तिच्यात होते. मी पुष्कळ घरांतून बाजा बघितल्या. तशी दुसरी बघितली नाही. खुब्याच्या जागी त्यानं पट्टी थोडी ढिली सोडली होती. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वाकळेच्या गुंडाळीचं आणि लोडाचं मी इंदूला सांगितलं. कुठून कळलं ते सांगितलं नाही.

माझी यायची वेळ मग दुपारची झाली. मुलगी शाळेत असायची. शेक करायचा, मारुतीला हाक मारायची, दार लावायचं आणि मी बाहेर कट्ट्यावर येऊन बसायची. आव्वा तिथं सुपात तांदूळ घेऊन बसलेली असायची.

"मारुती कशाला आत?" पहिल्या दिवशी तिनं विचारलं.

"तिला कुशीवर करायला मानूस लागतंय."

"अन् दार किती वेळ बंद ठेवायचं?"

"तासभर. वारं लागायला न्हाय पायजे."

"पयलं अर्धा तास म्हनायचीस."

"थंडी पडलीया, आव्वा."

"चैतात?"

मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागले. ती माझ्याकडं बघत होती हे मला कळत होतं. तिनं सूप माझ्याकडं आणखी सरकवलं.

समोरच्या घरातली रुक्मी मात्र गप्प बसणारी नव्हती. "शेक सुनंला," ती दारातून ओरडली, "मग माग कशापायी गार पडलाय गं आव्वा?"

"तुझा चालतोय न्हवं? त्येच्याकडं बघ!" आव्वानं तिथूनच उत्तर दिलं.

आतलं मला इंदूनं सांगितलं तेवढंच ठाऊक. पालथी पडून, थोडं-थोडं. सुरुवातीला मारुती इतका भ्यायचा की तिला काचेच्या बांगडीसारखा धरायचा. दुखलं की तिनं त्याच्या खांद्यावर टिचकी मारायची असं ठरलं. तो लगेच थांबायचा. "परवा लई दुखलं," ती एकदा म्हणाली. "मी टिचकी मारली. मग नुसतं हात धरून पडून ऱ्हायले. मला वाटलं, मनात नाराज झाले असतील. बघती तर झोप लागल्याली, हात तसाच हातात." काही दिवस एवढंच व्हायचं. काही दिवस तेही नाही, तो फक्त तिच्या बोटांना तेल लावायचा. ते कसं लावायचं हे त्यानं माझ्याकडून शिकून घेतलं होतं. बायकोचं अंग चोळणारा पुरुष मी तोवर बघितला नव्हता. "हात आधी नुसता ठेवायचा," मी सांगितलं, तर मान खाली घालून म्हणाला, "ते येतंय मला, आक्का."

संकेश्वरचा मामा आला तो असाच एका दुपारी. मी परसात वाळू भाजत होते, इंदू आत बाजेवर होती, मारुती मागावर. मामा सोप्यात बसला. आव्वानं त्याला चहा दिला. त्यानं इकडतिकडचं न बोलता सुरुवात केली.

"मारुती, मी बोलनं पक्कं करून आलोय. पोरगी चांगली हाय, हातापायानं धड हाय. इंदूला माहेरात सुख लागंल. तिला काय कमी पडू द्यायचं न्हाय. पन तुझा संसार मोडलाय पोरा, हे आता मान्य कर."

माग थांबला. मी उलथनं हातात घेऊन दाराशी आले. आतून इंदूच्या बाजेचा बारीक आवाज आला, उठू बघत होती.

"मोडला न्हाय, मामा," मारुती म्हणाला.

"म्हंजे?"

"चालू हाय."

त्याचे कान लाल झाले होते. चार माणसांत यापेक्षा जास्त तो काय बोलणार? मामा हसला. "चालू हाय म्हनं! तिला धड उठून बसाय येत न्हाय. कुनाला सांगतोस?"

खरं काय ते इंदूला ठाऊक, मारुतीला ठाऊक, मला ठाऊक. तिघांच्याही तोंडून शब्द निघेना. मी तर उलथनं घट्ट धरून देवाचं नाव घेत होते. हे आता असंच न बोलता हरायचं आणि इंदूनं दोन दिवसांत निपाणीच्या बसमध्ये बसायचं, असं मला दिसायला लागलं.

आव्वानं सूप खाली ठेवलं.

"आप्पा," ती भावाला म्हणाली, "त्यो खरं बोलतोय."

"तुला काय ठावं, आक्का?"

"मी दारात बसती की रोज."

मामाची बशी ओठाशीच राहिली. त्यानं बहिणीकडं बघितलं, मग भाच्याकडं, मग माझ्याकडं. मी उलथन्याकडं बघितलं.

"पोरीच्या बापाला सांग," आव्वा म्हणाली, "आमचं घर भरल्यालं हाय. दुसरं बघ म्हनावं. अन् च्या पी, गार होतुया."

मामा चहा प्याला. गेला. पुन्हा ते बोलणं त्या घरात निघालं नाही.

इंदू बरी झाली नाही. तो आजार तसा जात नाही. बोटं वाकडी होती ती आणखी वाकडी झाली. विजेचे माग आले तेव्हा मारुतीचं काम कमी झालं, त्या काळात पोटाला कमी पडायचं, तरी ती दोघं एकमेकांशी हळुवारच बोलायची. मला त्यांनी हळूहळू बोलावणं बंद केलं. मारुतीचा हात माझ्यापेक्षा चांगला बसायला लागला होता. गिऱ्हाईक गेलं, पण या एका गिऱ्हाईकाच्या जाण्याचा मला गर्व आहे. माझ्या वाट्याला संसार थोडा आला. तो इतका जपायचा असतो हे मला तेव्हा कुठं माहीत होतं?

मामा गेला त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. शेक झाला, मारुती आत गेला, दार लागलं. आव्वा आणि मी कट्ट्यावर बसलो. ती तांदूळ निवडत नव्हती. सूप मांडीवर तसंच होतं.

"मारुतीच्या बापाची कंबर मागावरच गेली," ती म्हणाली. "शेवटची वर्सं वाकूनच चालायचे. मी आपली लांब निजायची. त्येनला तरास नको. त्येनी एका शब्दानं काय म्हनाले न्हाईत. मला वाटायचं, मी म्हातारी झाली म्हनून. त्येनला काय वाटायचं, कुनाला ठावं."

तिनं सुपाची कड चाचपली.

"तू तवा कुठं व्हतीस गं?"

"निपाणीत," मी म्हणाले. "परकर नेसत असंन मी तवा, आव्वा."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. बंद दाराकडं बघत म्हणाली, "लवकर यायचं की गं."